लाथ मारणारी भाषा

अभ्यासक्रम संपला तेव्हा लॅपटॉपच्या पडद्यावर रंगीत फुगे उडाले. कानिफनाथ मरकड शेवटचा फुगा वर जाईपर्यंत बघत बसले. त्यांचं अभिनंदन करायला त्या सकाळी अख्ख्या केडगावात दुसरं कोणी मोकळं नव्हतं, त्यामुळे फुग्यांना घाईने वाटेला लावणं बरं दिसलं नसतं. फुगे गेल्यावर खाली प्रश्न आला: पायथन तर शिकलात, आता पुढची भाषा कोणती? त्याखाली चौकोन होते. जावा, जावास्क्रिप्ट, सी, आणखी बरीच मंडळी. शेवटच्या चौकोनात ‘अजून ठरलं नाही’ असं होतं. कानिफनाथांनी तो दाबला. पडदा म्हणाला, हरकत नाही, सावकाश ठरवा.

इतकं समजुतीचं त्यांच्याशी बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नव्हतं.

कानिफनाथांची सगळी नोकरी शेवगावकडच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाने भरलेली गाडी काट्यावर चढायची, तिचं वजन घ्यायचं. ऊस टाकून ती रिकामी परतली की पुन्हा वजन. पहिल्यातून दुसरं वजा केलं की राहिला तो ऊस. काम एवढंच. पण हंगामात त्या खिडकीपुढे गाड्यांची रांग डांबरी रस्त्यापर्यंत जायची आणि रांगेतला प्रत्येक जण खिडकीत डोकं घालून काहीतरी बोलूनच पुढे सरकायचा. कोणाची म्हैस व्यायली, कोणाचं जमलेलं लग्न मोडलं, कोणाला काटा खोटा वाटतो. काट्याला पडणाऱ्या शिव्याही कानिफनाथ आवक म्हणूनच धरायचे. निवृत्तीच्या निरोपसमारंभात, गळ्यात हार असताना, ते म्हणाले होते, आता जरा शांतता पाहिजे.

ती मिळाली. केडगावात छोटं घर घेतलं. वर्षभरात पत्नी सविताबाई गेल्या. मुलगी दिशा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत होतीच. शांततेची एवढी आवक झाली की उतरवून घ्यायला घरात माणूस उरलं नाही.

दिशाचा फोन रविवारी यायचा.

‘पप्पा, जेवलात का?’

‘जेवलो.’

‘गोळी घेतली?’

‘घेतली.’

‘बरं मग, ठेवू?’

‘ठेव.’

या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त वजनाच्या पावतीवर याहून थोडा जास्त मजकूर असायचा.

मागल्या दिवाळीला ती आली तेव्हा आपला जुना लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवून म्हणाली, ‘पायथन शिका. वेळ जाईल.’ वेळ जात नाही अशी कानिफनाथांची तक्रार नव्हती. वेळ नियमित जात होता; येत कोणी नव्हतं. पण मुलीने एवढं ओझं पुण्याहून आणलंय म्हटल्यावर ते शिकायला बसले.

पहिला प्रोग्रॅम अर्थातच काट्याचा. दोन वजनं विचारायची आणि ऊस किती ते सांगायचं. त्यांनी तो लिहिला, आकडे घातले, आणि उत्तर आलं: उणे नऊ टन. म्हणजे शेतकऱ्याने कारखान्याला ऊस घातला नव्हता. कारखान्याचाच नऊ टन ऊस घेऊन तो पसार झाला होता. कानिफनाथांनी घाबरून दिशाला फोन लावला. रविवार नसताना.

तिने प्रोग्रॅम मागवून घेतला, पाहिला आणि म्हणाली, ‘पप्पा, तुम्ही दुसऱ्यातून पहिलं वजा केलंय!’

मग कारण ध्यानात आलं. नोकरीची शेवटची वर्षं कानिफनाथ साखरेच्या गेटवरच्या काट्यावर होते. तिथे कारभार उलटा. ट्रक रिकामा येतो, म्हणून आधी रिकाम्याचं वजन. साखर भरली की मग भरलेल्याचं. दुसऱ्यातून पहिलं वजा. हाताला साखरेची सवय लागली होती आणि हिशेब उसाचा चालला होता. हे ऐकून दिशा हसत सुटली. ‘उणे ऊस! पप्पा, जगात ही चूक फक्त तुम्हीच करू शकता.’ लहानपणी खिडकीमागच्या स्टुलावर बसून ती पावत्यांवर शिक्के मारायची, तेव्हा हसायची तशी हसली. मग स्टुलाची गोष्ट निघाली, शिक्क्याच्या शाईची निघाली, आणि शाईने माखलेला फ्रॉक धुताना सविताबाईंनी संचालक मंडळाला नावानिशी वाहिलेल्या लाखोलीचीही निघाली. फोन ठेवला तेव्हा गॅसवरचं दूध उतू जाऊन, आटून, तळाशी काळं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाला येणाऱ्या कडूबाई मोरीत भांडं घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘पोरीचा फोन आल्ता वाटतं.’

‘तुम्हाला काय माहीत?’

‘भांडं सांगतंय की. बोटभर खरवड हाय.’

तेव्हापासून कानिफनाथ मन लावून चुकू लागले. सुरुवातीला चुका अस्सल होत्या आणि मुबलक होत्या. प्रत्येक चुकीला एक फोन. दिशा ऑफिसातून सुटून घरी जाताना बोलायची, रिक्षाच्या आवाजात ‘पप्पा, ती चौथी ओळ परत वाचा बरं’ म्हणायची, आणि चौथ्या ओळीवरून गाडी कुठे कुठे जाऊन यायची. कडूबाईंनी तारेच्या घासणीची मागणी केली.

पण शिकण्याचा एक तोटा असतो, तो शाळेत कोणी सांगत नाही. माणूस शिकला की चुकायचा थांबतो, आणि चुकायचा थांबला की त्याला कोणी काही विचारत नाही. तीन-चार महिन्यांत कानिफनाथांचे प्रोग्रॅम पहिल्या दमात चालू लागले. पडद्यावर बरोबर उत्तर येई आणि ते त्याच्याकडे खिन्नपणे बघत बसत. दूध वेळेवर तापे, वेळेवर उतरे.

तेव्हा त्यांनी चुका पेरायला सुरुवात केली. चांगला चालता प्रोग्रॅम घ्यायचा, त्यात एका जागी चूक टोचायची, वरून माती लोटायची आणि फोन लावायचा. पीक हमखास यायचं. काट्यावर आयुष्यात त्यांनी एक किलोची लबाडी केली नव्हती. ती सगळी शिल्लक आता कामी येत होती.

आणि आता फुगे उडाले होते. अभ्यासक्रमच संपला म्हटल्यावर चूक कशात पेरणार? पुढची भाषा कोणती, हा लोकांना विद्येचा प्रश्न वाटेल. कानिफनाथांपुढे प्रश्न साधा होता: कोणती भाषा घेतली म्हणजे दिशाचे फोन चालू राहतील?

संध्याकाळी पुणे रस्त्यालगतच्या चहाच्या टपरीवर त्यांनी तो कल्याणरावांपुढे मांडला. मूळ कारण सोडून. कल्याणराव एसटीतले निवृत्त कंडक्टर. कोणत्याही विषयावर पुढचा स्टॉप येईपर्यंत बोलू शकत.

‘हे बघ कानिफ,’ कल्याणराव म्हणाले, ‘घोडेगावच्या बाजारात मी लोकांना पन्नासएक म्हशी घेऊन दिल्यात. भाषेतलं मला कळत नाही, पण घ्यायची रीत एकच. दूध किती, खाती किती, आणि लाथ मारती का.’

‘लाथेचंच बघतोय मी.’

‘मग गरीब बघ. आपल्या वयाला गरीब जनावर बरं.’

‘मला मारणारी पाहिजे.’

कल्याणरावांचा कप ओठापर्यंत येऊन थांबला. ‘सगळा बाजार विचारतो, मारत नाही ना? आणि तू विचारणार, मारते ना नक्की?’

‘रोज नको. आठवड्यातून दोनदा मारली तरी चालेल.’

‘सवितावहिनी गेल्यापासून तुझं जरा...’ असं म्हणून कल्याणरावांनी बिस्कीट चहात बुडवलं. ते तुटून तळाला गेलं. दोघंही काही वेळ त्या कपात बघत राहिले आणि विषय बिस्किटासोबत तिथेच राहिला.

मग कानिफनाथ मेहविश मॅडमकडे गेले. पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. खाली दळण चालू झालं की वर सगळे कीबोर्ड थरथरत आणि बाजरीचा वास येई. मॅडम तिशीतल्या, चष्म्यावरचं पीठ ओढणीने पुसत बोलायच्या.

‘बोला काका. कोणती शिकायची?’

‘सगळ्यात अवघड कोणती आहे?’

‘अहो, लोक सोपी विचारतात.’

‘लोकांना घाई असते.’

मॅडमना हे गिऱ्हाईक नवं होतं. त्या रंगात आल्या. ‘मग रस्ट घ्या. पावलोपावली अडवते. हे असं का लिहिलं, ते कोणाच्या मालकीचं, सगळ्याचा जाब विचारते.’

‘वा!’ कानिफनाथ म्हणाले. ‘आणि अडल्यावर विचारायचं कोणाला?’

‘तीच तर पंचाईत आहे. इथं कोणालाच येत नाही.’

‘पुण्याच्या मुलींना येते का?’

‘थोड्यांनाच.’

‘मग उपयोग नाही.’

मॅडमनी चष्मा काढला. ‘काका, मला एक सांगा, तुम्हाला बनवायचं काय आहे? वेबसाईट, मोबाईलचं ॲप, काय? त्यावर भाषा ठरते.’

हे कानिफनाथांना अजून कोणी विचारलं नव्हतं. ते खिडकीकडे बघत राहिले. खाली एक बाई दळणाचा डबा डोक्यावर घेऊन दुसरीशी बोलत उभी होती. डब्याचं ओझं होतंय असं तिच्या बोलण्यावरून तरी वाटत नव्हतं. ‘बनवायचं असं काही नाही,’ ते शेवटी म्हणाले. ‘माझी मुलगी पुण्यात कंपनीत आहे. ती जावात काम करते म्हणे.’

 मेहविश मॅडमनी चष्मा परत लावला आणि विक्रेत्याचा आवाज बाजूला ठेवून म्हणाल्या, ‘मग जावाच बघा, काका. एक वाक्य छापायचं तर पाच ओळी लिहायला लागतात. भरपूर ठिकाणी अडतं. आणि घरात विचारायला माणूस आहे.’

कानिफनाथ जिना उतरले ते जवळजवळ ठरवूनच. रविवारी दिशाला विचारायचं, शिकू का तुझी जावा? ती ‘शिका’ म्हणाली की चौकोन दाबायचा. दोन वर्षांची तरी बेगमी झाली.

रविवारी फोन आला. जेवण झालं, गोळी झाली. कानिफनाथांनी घसा साफ केला, तेवढ्यात दिशाच म्हणाली, ‘पप्पा, तुमच्यासाठी एक मस्त गोष्ट पाठवलीय. एआयचं ॲप आहे. कुठेही अडलं की त्याला विचारायचं. मराठीत विचारलं तरी चालतं. लगेच सांगतं.’

‘तू आहेस की.’

‘अहो, मी मीटिंगमध्ये असते, तुम्ही तिकडे वाट बघत बसता. मला वाईट वाटतं. याला कधीही विचारा, दिवसा, रात्री. थकत नाही ते.’

सगळं मायेपोटीच केलेलं असल्यामुळे तक्रारीला कुठेच जागा नव्हती. ‘बरं,’ कानिफनाथ म्हणाले. जावाचं विचारायचं राहून गेलं.

ॲप खरंच चांगलं निघालं. कानिफनाथांनी जुन्या प्रोग्रॅममध्ये एक ठेवणीतली चूक पेरून त्याला दाखवली. त्याने पापणी लवायच्या आत ती उपटून हातात दिली, छान प्रयत्न केलात म्हणून शाबासकी दिली आणि विचारलं, आणखी काही मदत हवी आहे का? कानिफनाथांना ते काही बरं वाटलं नाही. काट्यावर त्यांचा एक ठोकताळा होता: जो गाडीवान खिडकीत फार वाकून नमस्कार घालतो, त्याच्या मोळीत उसापेक्षा पाचट जास्त.

पण दुसरं कोणी विचारत नव्हतं, म्हणून त्यांनी त्यालाच विचारलं, मी पुढची कोणती भाषा शिकू? त्याने आठ भाषांचे गुण-दोष मांडले, सगळ्याच उत्तम आहेत असं सांगितलं आणि शेवटी म्हणालं, हे तुमच्या उद्दिष्टावर अवलंबून आहे. तुमचं उद्दिष्ट काय आहे?

दुपारची वेळ होती. गल्लीत सामसूम. कानिफनाथांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं: मुलीचा फोन यावा.

इतकं उघड ते कल्याणरावांपुढेही बोलले नव्हते. त्यांनी लिहिलं आणि स्वतःच्याच घरात चोरासारखं मागे वळून पाहिलं.

ॲपने उत्तर दिलं, फार सुंदर उद्दिष्ट आहे. मग मुलीला पाठवण्यासाठी तीन संदेश तयार करून दिले: एक जिव्हाळ्याचा, एक औपचारिक, एक थोडक्यात. यातला कोणता अधिक सुधारून देऊ, असंही विचारलं. कानिफनाथांनी तिन्ही वाचले. जिव्हाळ्याचा चांगला उतरला होता. इतका चांगला, की तो वाचून दिशाने पहिलं विचारलं असतं, पप्पा, तब्येत बरी आहे ना? त्यांनी लॅपटॉप मिटला.

आता भाषा बदलून तरी काय उपयोग होता? याला सगळ्याच येत होत्या. कितीही लाथाळ म्हैस आणा, हा पठ्ठ्या मागचे पाय बांधूनच द्यायचा.

पुढच्या रविवारी दिशाने विचारलं, ‘अडलं नाही ना काही?’

‘नाही. तो सांगतो.’

‘छान आहे ना?’

‘छान आहे.’

‘बरं मग...’ ती थोडी रेंगाळली. ‘ठेवू?’

‘ठेव.’

त्याच्या पुढच्याही रविवारी तसंच. पडद्यावर चौकोन तसेच होते, ‘अजून ठरलं नाही’ दाबलेला. कानिफनाथ सकाळी लॅपटॉप उघडायचे, त्याच्यावरची धूळ पुसायचे आणि मिटायचे. कडूबाई एक दिवस भांडी विसळता विसळता दुधाचं पातेलं उजेडात धरून म्हणाल्या, ‘काका, लई दिस झालं, हे जळालं न्हाई.’

‘मग चांगलंच आहे की. तुमचे हात वाचले.’

‘व्हय,’ कडूबाई म्हणाल्या. त्यांनी ते स्वच्छ पातेलं उगाचच आणखी एकदा घासलं आणि पालथं घातलं.

नंतर एका बुधवारी, दिवस कलता कलता, फोन वाजला. कानिफनाथांनी नुकतंच दूध गॅसवर ठेवलं होतं. बुधवारी त्यांना कर्ज देऊ करणाऱ्यांचे फोन येत, आणि त्यांच्याशी ते बरेच बोलत. पण नाव दिशाचं होतं.

‘काय झालं गं?’ त्यांनी आधी हेच विचारलं.

‘काही नाही. पप्पा, वेळ आहे का तुम्हाला?’

हा प्रश्न त्यांना भलताच गमतीचा वाटला. ‘आहे थोडा,’ ते म्हणाले.

‘माझा एक प्रोग्रॅम चालत नाहीये. तुम्हाला पाठवलाय. बघता का जरा?’

कानिफनाथ लॅपटॉपपुढे बसले. ‘ऑफिसात विचार की कोणाला.’

‘आज घरीच आहे मी. आणि घरात कोणी नाही. रूमवरच्या दोघी सोडून गेल्या, एकीचं लग्न ठरलं, एक बंगळूरला गेली.’

‘कधी?’

‘झाला महिना-दीड महिना.’

इतक्या रविवारांत हे आलं नव्हतं. जेवण आणि गोळी यांच्या मध्ये त्याला जागाच नव्हती. ‘तू जेवलीस का?’ कानिफनाथांनी विचारलं, आणि हे आपण तिला आजवर कधी विचारलंच नव्हतं हे त्यांच्या ध्यानात आलं.

‘करते नंतर काहीतरी. बघा ना.’

त्यांनी प्रोग्रॅम उघडला. कंस, महिरपी कंस, अनोळखी शब्द. ‘कोणत्या भाषेत आहे हे?’

‘जावा.’

‘मला जावा येत नाही.’

‘मग शिकावी लागेल तुम्हाला,’ दिशा म्हणाली.

‘त्या तुझ्या ॲपला का नाही विचारलं? ते तर लगेच सांगतं.’

 ‘त्याला उसाचं काय कळतं?’ दिशा म्हणाली.

कानिफनाथांनी चष्मा वर सरकवला. त्या सगळ्या महिरपींच्या मधोमध एक ओळ होती आणि तिच्यात इंग्रजी अक्षरांत दोन ओळखीची नावं होती: भरलेली आणि रिकामी. रिकामीतून भरलेली वजा केली होती. खाली उत्तर आलं होतं, उणे नऊ टन.

त्यांना ते बघताक्षणी दिसलं. काट्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला न दिसून जाणार कुठे? पेरणीही त्यांनी ओळखली. माती जरा घाईत लोटली होती. आपली पेरणी पोरीला किती दिवसांपासून माहीत असावी, याचा हिशेब करायला ते गेले आणि मध्येच सोडून दिला.

‘सापडलं का काही?’ दिशाने विचारलं. तिचा आवाज अगदी सरळ होता.

‘अवघड दिसतंय,’ कानिफनाथ म्हणाले.

‘वेळ लागेल?’

‘लागेल. नवी भाषा आहे. असं कर, पहिल्या ओळीपासून वाचून दाखव मला. सावकाश.’

ती वाचू लागली. पहिल्याच ओळीत तिला काट्यावरच्या स्टुलाची काहीतरी आठवण झाली आणि वाचन थांबलं. स्वयंपाकघरात दूध चढल्याचा फसफस आवाज आला, मग वास आला.

कानिफनाथ उठले नाहीत. ‘हं,’ ते म्हणाले, ‘मग पुढे?’